खाली घेणारा माणूस

पैलवान आयुष्यात कधी आखाड्यात उतरला नव्हता. तो गोदामात पोती वाहायचा. तिथं यंत्रं आली, हमालांना घरी बसवलं, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की गावाबाहेरच्या संस्थेत अंगानं दणकट माणूस हवाय. तो गेला. मुलाखत अशी झालीच नाही. कार्यालयातल्या कारकुनानं त्याचे खांदे पाहिले, मनगटं पाहिली आणि म्हटलं, "हा चालेल." त्याच दिवशी त्याला पैलवान हे नाव पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री उरलं; बायको तर पहिल्यापासून 'अहो'वरच भागवत होती.

जन्मापासूनच ज्यांची वाढ वेगळी झाली, अशी माणसं त्या संस्थेत राहायची. काही बोलायची, काही नाही. काहींना स्वतःच्या हातानं घास घेता यायचा, काहींना भरवावं लागायचं. लहानपणी कुणीतरी आणून सोडलेली आणि तिथंच केस पिकलेली. लांबच लांब खोल्या, लोखंडी खाटा, माणसाच्या डोक्याहून उंच खिडक्या. आणि फिनेलचा वास. पैलवानचे सदरे कितीही घासले तरी त्याच्या बायकोला तो वास यायचाच.

काम डोक्याचं नव्हतं. सकाळी सगळ्यांना न्हाणीघरात रांगेनं उभं करायचं, पाइपानं आंघोळी घालायच्या, कपडे चढवायचे, जेवू घालायचं, दारांना बाहेरून कड्या लावायच्या. आणि कुणी बिथरलं की त्याला खाली घ्यायचं.

'खाली घेणं' हा तिथला शब्द. मारणं नव्हे; मारलं तर नोकरी जायची. माणसाच्या मागं, जरा उजव्या अंगाला उभं राहायचं, मनगट धरून पिरगाळायचं, पायात पाय घालून त्याला पालथं पाडायचं आणि दोन खांद्यांच्या मधोमध गुडघा रोवायचा. माणूस गप्प होईपर्यंत उठायचं नाही. पैलवान यात इतका तरबेज झाला की त्याच्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. इतर कामगार शिव्या द्यायचे, हा कानाशी वाकून म्हणायचा, "झालं, झालं. संपलं आता." मग ओल्या टॉवेलानं त्या माणसाचं तोंड पुसायचा. आपण हे मायेनं करतो असं त्याला वाटायचं, आणि बाकीच्यांच्या मानानं ते खोटंही नव्हतं.

त्यानं सगळ्यात जास्त वेळा खाली घेतलं ते शिट्टीला.

शिट्टी म्हणजे दाराची चौकट भरून टाकणारा गडी. पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून तो बारीक शीळ घालायचा, म्हणून शिट्टी. तोंडातून शब्द म्हणून कधी निघाला नाही. डॉक्टरही म्हणाले होते, याला भाषा नाही. शीळ खालच्या सुरात असली की सगळं ठीक असायचं. ती वर चढायला लागली की कामगार एकमेकांकडं बघायचे आणि कुणीतरी हाक मारायचं, "पैलवानला बोलवा रे!" अशी वर्षांमागून वर्षं गेली. दोघांचेही केस पांढरे झाले.

मग वारं फिरलं. माणसं अशी कोंडून ठेवायची नाहीत असं वरून ठरलं. मोठ्या खोल्या रिकाम्या करायच्या, साध्या गल्ल्यांमधून साधी घरं घ्यायची आणि दोघंतिघं मिळून तिथं राहतील. त्यासाठी एक नवीन मॅडम आल्या. वयानं पैलवानच्या मुलीएवढ्या, आवाज हळू, पण बोलणं रोखठोक. त्यांनी सगळ्या जुन्या कामगारांना शाळेतल्यासारखं बाकांवर बसवलं.

"आजपासून तुम्ही रखवालदार नाही, मदतनीस आहात," मॅडम म्हणाल्या. "घर त्यांचं. आत जायचं तर दार वाजवून जायचं. अरे-तुरे बंद. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं. आणि खाली घेणं हा प्रकार संपला. कुणी बिथरलं तर मागं सरायचं आणि थांबायचं."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "आणि त्यानं डोक्यात ताट घातलं तर?"

"तर का घातलं ते शोधायचं."

"आमचं डोकं शोधून झाल्यावर ना?" सगळे खो खो हसले. पैलवान हसला नाही. त्याला मॅडमचं म्हणणं पटलं होतं. पटणं ही सोपी गोष्ट असते. हातांना ते पटायला पाहिजे.

त्याच महिन्यात त्याची मुलगी आपल्या लहानगीला घेऊन माहेरी आली होती. नातीला ताप होता आणि ती औषध घेईना. मान फिरवायची, चमचा उडवायची. "दे इकडं," पैलवान मुलीला म्हणाला. पुढं काय झालं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. त्याच्या एका पंज्यात पोरीची दोन्ही मनगटं होती, दुसऱ्या हातानं जबडा धरला होता, आणि तो म्हणत होता, "झालं, झालं."

"बाबा, सोडा तिला!" मुलगी किंचाळली.

त्यानं सोडलं. पोर रडली नाही. एकदम गप्प झाली आणि डोळे मोठे करून छताकडं बघत राहिली. ती गप्पता पैलवानच्या चांगली ओळखीची होती. संस्थेत त्यालाच ते 'शांत झाला' म्हणायचे.

मुलगी दुसऱ्या दिवशी सासरी निघून गेली. त्याची बायको घरी शिवणकाम करायची, तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "आज विषय निघालाच आहे तर सांगते. मी ओट्याशी असले की तुम्ही माझ्या मागं येऊन उभे राहता. जरा उजवीकडं. मला पाठीत कसंतरी होतं. इतकी वर्षं बोलले नाही."

पैलवान उठला आणि तिच्या समोर, तिला दिसेल असा जाऊन बसला.

त्यानंतर त्याची नेमणूक झाली ती नेमकी शिट्टीच्या घरी. एका सरळ गल्लीतलं बैठं घर, शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान, समोर दवाखाना. घरात दोघं राहायचे, शिट्टी आणि मास्तर. मास्तर हा किडकिडीत, म्हातारा, हसऱ्या तोंडाचा माणूस. जे दिसेल ते मोठ्यानं सांगायची त्याला सवय होती, म्हणून हे नाव. "पैलवान आला. चप्पल काढली. चहा ठेवला. साखर कमी." दिवसभर असं चालायचं. पैलवानला सुरुवातीला गंमत वाटली. घरात गुपित म्हणून राहायचं नाही.

पण शिट्टी बदलला होता. इथं त्याच्या खोलीला आतून कडी होती. पहिल्या दिवशी त्यानं ती लावली, काढली, लावली, काढली, असं बराच वेळ चाललं. मग बाहेर आला आणि पैलवानच्या समोर खुर्ची ओढून बसला. बघत. पैलवान उठला की तो उठायचा. पैलवान भांडी घासायला गेला की तो स्वयंपाकघराच्या दारात. त्याची शीळ आता वर चढत नव्हती, खाली उतरत नव्हती. एकाच सुरात, दाराच्या फटीतून वारा यावा तशी येत राहायची.

"शिट्टी, जेव... जेवा," पैलवान अडखळत म्हणायचा. शिट्टी जेवायचा, पण नजर ताटाकडं नसायची.

स्वयंपाकघरातले खण उघडे असायचे. मॅडमचं म्हणणं, आपल्या घरात कुणी सुरीला कुलूप लावतं का? शिट्टी भाजी चिरायला शिकला होता आणि छान चिरायचा, एकसारख्या फोडी. पैलवानला त्या फोडी बघून घाम फुटायचा. एकदा तो मोरीशी वाकला होता आणि त्याच्या पाठीत कसंतरी झालं. त्यानं वळून पाहिलं. शिट्टी त्याच्या मागं उभा होता. जरा उजवीकडं.

त्या दिवसापासून पैलवान भिंतीला पाठ लावून काम करायला लागला. बटाटे सोलायचे तरी भिंतीशी, कपडे घड्या करायचे तरी भिंतीशी. मास्तरनं तेही जाहीर करून टाकलं: "पैलवान भिंतीला चिकटला."

तो मॅडमकडं गेला. "मला दुसरीकडं टाका."

"का? काही झालं का?"

"झालं नाही काही."

"भीती वाटते का तुम्हाला त्याची?"

पैलवान नाव असलेला माणूस याला हो कसं म्हणणार? "छे," तो म्हणाला आणि परत आला.

शेवटी जे व्हायचं ते एका दुपारी झालं, भर उजेडात, बाहेर सायकलवाला चाकात हवा भरत असताना. पैलवान गॅसपाशी बटाटे तळत होता. त्याच्या मागं टेबलाशी शिट्टी उरलेले बटाटे चिरत होता. सुरीचा टकटक आवाज आणि ती शीळ, दोन्ही एका लयीत. मग सुरी थांबली. मग शीळही थांबली. पैलवान ऐकत राहिला. मानेवर कुणाचा तरी श्वास लागला.

तो हातातल्या कढईसकट गरकन वळला. तेल त्याच्याच पायावर सांडलं. "लांब हो!" तो ओरडला. "लांब हो म्हणतो ना!" त्यानं कढई ओट्यावर आपटली, हातानं टेबलावरची भांडी उडवली, एक काचेचा पेला फुटला. वेदनेनं आणि भीतीनं त्याला काही दिसेनासं झालं होतं. तो नुसता ओरडत होता.

मग त्याचं मनगट धरलं गेलं. पिरगाळलं. पायात पाय आला. फरशी गार होती. खांद्यांच्या मधोमध गुडघा रुतला, एखाद्या मेखेसारखा.

पैलवाननं श्वास घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याला कळलं की तो येत नाही. बाहेर गेलेला श्वास आत यायला जागाच नव्हती. त्यानं हात झाडले, पाय झाडले. गुडघा आणखी दाबला गेला. त्याच्याखाली इतकी माणसं अशीच तडफडली होती, आणि त्याला दर वेळी वाटलं होतं की ती जोर करतायत, म्हणून त्यानंही जोर वाढवला होता.

कानाशी कुणीतरी वाकलं.

"झालं, झालं," शिट्टी म्हणाला. "संपलं आता."

आवाज घोगरा होता, न वापरलेला. पण बोलण्याची धाटणी हुबेहूब पैलवानची. 'संपलं'मधला 'लं' तो जसा लांबवायचा, तसाच लांबवलेला. ज्याला भाषा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला एवढे चार शब्द येत होते आणि ते कुठून आले हे सांगायला कुणी नको होतं.

दारातून मास्तर म्हणाला, "पैलवान बिथरला. शिट्टीनं खाली घेतलं." मास्तरचं हसू गेलं होतं आणि त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. जरा वेळानं तो म्हणाला, "पैलवान शांत झाला. आता सोड."

शिट्टी उठला. न्हाणीघरात नळ वाहिल्याचा आवाज आला. तो ओला टॉवेल घेऊन आला, पैलवानला उताणं केलं आणि त्याचं तोंड पुसलं. कपाळ, डोळे, गाल, हनुवटी. मग टेबलाशी जाऊन बसला. सुरी फोडींच्या शेजारी नीट आडवी ठेवलेली होती. ती उचलून त्यानं राहिलेला बटाटा चिरला.

एक बरगडी मोडली होती आणि पाऊल भाजलं होतं. समोरच्या दवाखान्यात पट्ट्या बांधून घेतल्यावर पैलवाननं मॅडमना सगळं सांगितलं. आपण काय ओरडलो ते, त्यानं काय केलं ते, आणि त्याआधीची वर्षंही. मॅडम मध्येमध्ये खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सूड घेतला असेल, की तुम्हाला शांत करायला बघत होता?"

"मला नाही कळलं मॅडम. मी खाली होतो."

त्याला वाटलं होतं, खरं बोललं की मन हलकं होईल. झालं भलतंच. गोष्ट वर गेली. जाता जाता तिच्यातून पैलवानचा आरडाओरडा गळून पडला, त्याआधीची वर्षं गळून पडली, आणि एका रहिवाशानं कर्मचाऱ्यावर हल्ला केला एवढंच उरलं. संस्थेच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. आजवर त्या खोलीत त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"तुमच्यासारख्या जुन्या माणसावर ही वेळ यावी, वाईट वाटलं," साहेब म्हणाले. "आम्ही म्हणतच होतो, सगळ्यांना मोकळं सोडून चालत नाही. जुन्या इमारतीचा वरचा मजला पुन्हा सुरू करतोय. अवघड माणसांसाठी. पहिला तो तुमचा शिट्टी. तुम्ही फक्त हल्ला झाला एवढं सांगायचं. आणि त्या मजल्याचा प्रमुख कोण, म्हणाल तर आमच्या डोळ्यांसमोर तुम्हीच आहात."

पैलवान कपातल्या चहाकडं बघत बसला. खोटं कशाला सांगा, प्रमुख हा शब्द त्याला गोड लागला. तिथं भिंतीला पाठ लावून राहावं लागणार नाही, हेही मनात येऊन गेलं.

"हल्ला नाही झाला साहेब," तो म्हणाला.

"बरगडी आपोआप मोडली?"

"मी ओरडलो, भांडी फेकली. त्यानं मला खाली घेतलं. आपल्याकडं ओरडणाऱ्याला खाली घेतात. त्याला दुसरं कुणी काही शिकवलंच नाही. मीच शिकवलं."

"म्हणजे तो धोक्याचा आहे, हेच म्हणताय ना तुम्ही?"

"मग त्याच्या शेजारी माझीही खाट टाका."

साहेब हसले, पण चहाचा कप त्यांनी बाजूला सारला. "घरी जा, विचार करा."

घरी बायको एवढंच म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय ते करा. पण परत तो वास घेऊन या घरात येऊ नका."

त्यानं विचार केला आणि हल्ला झाला असं सांगितलं नाही. साहेबांचे दोन निरोप आले, तिसरा आला नाही. तक्रार करणाराच नाही म्हणतोय म्हटल्यावर शिट्टीला हलवता येईना. मजला मात्र सुरू झाला. त्या मजल्याला शिट्टीच पाहिजे होता असं थोडंच होतं? अवघड माणसं शोधली की सापडतात.

बरगडी सांधल्यावर पैलवान त्या घरी परत गेला. दार वाजवून आत गेला. शिट्टीच्या समोर बसला. "तेव्हा तुमचा श्वास कोंडायचा ना?" तो म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं." शिट्टी शीळ घालत राहिला, तीच, एका सुरातली. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मास्तर म्हणाला, "पैलवान रडतोय." पैलवान रडत नव्हता, पण त्यानं मास्तरला खोडून काढलं नाही.

थोड्याच दिवसांनी मॅडम कामगारांचे फोटो घेऊन आल्या. आपल्या घरी कोण यावं हे आता रहिवाशांनीच ठरवायचं होतं. त्यांनी टेबलावर फोटो मांडले आणि शिट्टीला म्हणाल्या, "तुम्हाला कोण हवं?" शिट्टीनं पैलवानचा फोटो बोटानं सरकवत टेबलाच्या कडेला नेला आणि खाली पाडला. मॅडमनी उचलून परत ठेवला. त्यानं परत पाडला. मग तो शांतपणे इतरांचे फोटो बघायला लागला.

पैलवान दारात उभा होता. त्यानं वाकून स्वतःचा फोटो उचलला, खिशात टाकला आणि चपला घातल्या. त्याला वाईट वाटलं का? वाटलं. पण बाहेर गल्लीत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्या माणसानं 'नको' म्हटलं आणि ते कुणीतरी ऐकलं, असं पहिल्यांदाच घडलं.

मॅडमनी त्याला दुसरं काम दिलं. रहिवाशांना बसमधून बाजारात, दवाखान्यात, कुणाच्या बहिणीकडं सोबत न्यायचं. तो त्यांच्या पुढं चालायचा, त्यांना दिसेल असा. मुलगी नातीला घेऊन एकदा येऊन गेली. नात त्याच्या जवळ आली नाही, त्यानंही बोलावलं नाही.

एका सकाळी बसमध्ये त्याच्या शेजारी एक रुंद खांद्यांचा माणूस येऊन बसला. हातांना घट्टे. पोती वाहिलेले हात पैलवान कुठंही ओळखायचा.

"काका, ती गावाबाहेरची जुनी इमारत कुठल्या थांब्यावर?" त्या माणसानं विचारलं. "वरच्या मजल्यावर लागलोय. आजच पहिला दिवस."

"काम काय म्हणाले?"

"तसं काही बोलले नाहीत. हात बघितले आणि म्हणाले, चालेल."

पैलवान त्याच्याबरोबर उतरला. फाटकाबाहेर उभं करून त्याला सगळं सांगितलं, गुडघा कुठं ठेवायला सांगतील तेही, आणि तिथं ठेवला की खालच्या माणसाचा श्वास आत येत नाही, तेही. तो माणूस मान डोलवत ऐकत होता. भला वाटला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "तुमचं बरोबर आहे काका. पण घरी चार तोंडं आहेत. आणि मी काय कुणाला मारणार नाही. मायेनंच करीन."

फाटक उघडलं, तो आत गेला, आणि आतून कुणीतरी कडी लावली. पैलवान तिथंच उभा राहिला. वरच्या मजल्याच्या उंच खिडक्यांना नवा रंग दिला होता.